आंबट चेरीची बरणी

चेरी म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी येतात. एक म्हणजे मे-जूनमध्ये काश्मीर-हिमाचलातून खोक्यांत भरून येणारी गडद लाल, गोड चेरी. दुसरी म्हणजे केकच्या डोक्यावर बसलेली लालभडक, चिकट गोळी. या दोघींपेक्षा वेगळी अशी एक तिसरी चेरी आहे आणि ती आपल्या बाजारात ताजी जवळजवळ दिसतच नाही. पोलंड, रशिया, युक्रेन, तुर्कस्तान, सर्बिया, हंगेरी, इराण या देशांत ती भरपूर पिकते. पण तिथेही झाडाखाली उभं राहून चार-सहा तोंडात टाकण्यापलीकडे ती ताजी फारशी खाल्ली जात नाही. ही आंबट चेरी. झाडावरून उतरवल्यावर दोन-तीन दिवसांत तिचं काही केलं नाही, तर ती हातची जाते.

तिची साल पातळ, गर मऊ आणि रसाळ. देठ उपटला की त्या जागेतून रस पाझरायला लागतो, तिथेच डाग पडतो आणि तिथूनच ती नासते. आंब्या-केळ्यांसारखी ती तोडल्यावर पिकतही नाही. झाडावर जेवढी पिकली तेवढीच. हंगाम दोन-तीन आठवड्यांचा. त्यामुळे ज्या ज्या मुलखात ती होते, तिथल्या लोकांनी ती टिकवण्याच्या नाना तऱ्हा शोधल्या. सुकवणं, मुरंबा, सरबत, मद्य, आणि व्हिनेगरमधलं लोणचं. यातल्या लोणच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, पण चेरीशी सगळ्यात इमान राखणारा प्रकार तोच. मुरंब्यात तिचा आंबटपणा साखरेखाली दबतो, सुकवली की रस जातो, मद्यात फळ मागे पडून अर्क तेवढा उरतो. लोणच्यात मात्र ती देठासकट, बियेसकट, अख्खी आणि आंबटच राहते. आंबट चेरी हे मुळात बरणीतलं फळ आहे, आणि ते बरणीत कसं उतरवायचं हे ठाऊक असलेली माणसं होती, म्हणूनच ती इतकी शतकं लावली गेली.

वनस्पतिशास्त्रात तिचं नाव प्रूनस सेरासस. गोड चेरीच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात, हिच्या पेशीत ३२. गोड चेरी आणि स्टेपच्या गवताळ प्रदेशात वाढणारी खुजी, झुडुपी चेरी यांच्या नैसर्गिक संकरातून ती झाली. कॅस्पियन समुद्र आणि काळा समुद्र यांच्या आसपासचा मुलूख हे तिचं माहेर मानलं जातं. त्या झुडपाकडून तिला थंडी सोसण्याची ताकद मिळाली. कॅनडातल्या सस्कॅचवान विद्यापीठाने तर याच खुज्या चेरीशी पुन्हा संकर करून उणे ४० अंशांत तगणाऱ्या आंबट चेरीच्या जाती काढल्या आहेत. तिच्या आंबटपणाबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. तिच्यात साखर नसते असं नाही. साखर बरीच असते. फरक आम्लाचा आहे. तिच्यातलं मॅलिक आम्ल गोड चेरीपेक्षा पुष्कळ जास्त असतं आणि ते साखरेला वर येऊ देत नाही. लोणच्याला नेमका याचाच उपयोग होतो, ते पुढे येईलच.

तिचे दोन मोठे गट आहेत. ज्यांचा रसही गडद तांबडा असतो त्या मोरेलो आणि ज्यांचा गर फिकट, रस जवळजवळ बिनरंगी असतो त्या अमारेल. अमारेल गटातली सगळ्यात प्रसिद्ध जात म्हणजे मॉन्मोरान्सी. नाव पॅरिसच्या उत्तरेकडच्या एका गावाचं, पण आज तिचं राज्य अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठी आहे. अमेरिकेतली बहुतांश आंबट चेरी एकट्या मिशिगन राज्यात होते. तिथे यंत्राने झाडाचं खोड गदागदा हलवून फळं ताडपत्रीवर पाडतात आणि थंड पाण्याच्या टाक्यांतून कारखान्यात नेतात. हे पीक किती नाजूक आहे, ते २०१२ मध्ये दिसलं. त्या वर्षी मार्चमध्येच अवेळी उन्हाळा अवतरला, झाडं फसून लवकर फुलली आणि एप्रिलच्या दहिवराने मोहोर जाळला. राज्यातलं आंबट चेरीचं सुमारे ९० टक्के पीक गेलं.

टिकवण्याची खटपट फार जुनी. रोमन लेखक प्लिनी सांगतो, की सेनापती लुकुलस याने पाँटसचा राजा मिथ्रिडेटिस याच्यावर विजय मिळवण्याआधी इटलीत चेरी नव्हती. इसवी सनापूर्वी ७४ मध्ये त्यानेच ती आणली. काळ्या समुद्राच्या काठावरचं केरासुस, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं गिरेसुन, हे या कथेतलं गाव. कथा जशीच्या तशी घेता येत नाही, कारण युरोपातल्या त्याहून कितीतरी जुन्या वस्त्यांच्या उत्खननांत चेरीच्या बिया सापडल्या आहेत. लुकुलसने एखादी सुधारित, लागवडीची जात आणली असेल, एवढं मानायला हरकत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची नोंद दुसरीच आहे. एपिकियसच्या नावावर असलेल्या रोमन पाककृतींच्या संग्रहात अंजीर, आलुबुखार, चेरी वगैरे फळं टिकवण्याची कृती आहे. फळं देठासकट जपून तोडा आणि एकमेकांना चिकटणार नाहीत अशी मधात ठेवा, असा तिचा आशय. देठ ठेवायचा आणि फळाला फळ घासू द्यायचं नाही, हे दोन नियम आजही तसेच्या तसे पाळले जातात. मधाची जागा व्हिनेगरने घेतली, इतकंच.

चेरीचं लोणचं जागतिक रंगभूमीवरही येऊन गेलं आहे. रशियन नाटककार चेखॉव्हचं ‘द चेरी ऑर्चर्ड’ मॉस्को आर्ट थिएटरने जानेवारी १९०४ मध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आणलं. त्या नाटकातली बाग गोड चेरीची नाही, आंबट चेरीची आहे. रशियात या दोन फळांना दोन स्वतंत्र नावं आहेत. पहिल्या अंकात बाग विकायची की राखायची यावर बोलणं चाललं असताना ८७ वर्षांचा म्हातारा नोकर फिर्स मध्येच जुन्या दिवसांची आठवण काढतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी इथली चेरी सुकवत, भिजवून ठेवत, व्हिनेगरमध्ये मुरवत, मुरंबे करत. सुकवलेली चेरी गाड्या भरभरून मॉस्कोला आणि खारकीव्हला जाई. मग ती कृती गेली कुठे, असं मालकीण विचारते. फिर्स सांगतो, की ती विसरली गेली, कुणालाच आठवत नाही. प्रेक्षागृहात या संवादाकडे बहुधा एका म्हाताऱ्याची बडबड म्हणून पाहिलं जातं. खरं तर त्या बागेचं सगळं अर्थशास्त्र त्यात आहे. त्याच प्रसंगात व्यापारी लोपाखिन सांगून टाकतो, की झाडांना फळ वर्षाआड धरतं आणि जे येतं त्यालाही गिऱ्हाईक नाही. दोन दिवसांत नासणाऱ्या फळाची हजारो झाडं असलेली बाग, ते टिकवण्याची विद्या हरवली की निव्वळ शोभेची उरते.

ही विद्या विसरली कशी गेली असेल? फिर्सची चाळीस-पन्नास वर्षं मागे मोजली, की आपण १८६१ च्या आसपास पोचतो. त्या वर्षी रशियात भूदासप्रथा रद्द झाली. तोवर जमीनदाराच्या घरात राबणारे हात फुकट होते. आणि चेरीच्या लोणच्याला हातच लागतात. दोन-तीन आठवड्यांत हजारो फळं देठासकट उतरवायची, एकेक निवडायची, मुरंब्यासाठी केसांच्या आकड्याने एकेक बी काढायची, पिंपं भरायची. ही सगळी विद्या दासींच्या आणि मुदपाकखान्यातल्या नोकरांच्या बोटांत होती. मालकांना फक्त चव ठाऊक होती. माणसं मुक्त झाली आणि गेली, त्यांच्याबरोबर कृतीही गेली. चेखॉव्हने हे कुठेही स्पष्ट करून सांगितलेलं नाही, पण स्वातंत्र्य मिळालं त्या घटनेला फिर्स संकट म्हणतो आणि आपल्याला त्या वाक्याचा धक्का बसतो. लोणच्याची हरवलेली कृती हा त्याच धक्क्याचा दुसरा भाग आहे.

योगायोग असा, की त्याच १८६१ साली एलेना मोलोखोवेत्स या बाईंचं गृहिणींसाठीचं पाककृतींचं जाडजूड पुस्तक रशियात प्रसिद्ध झालं आणि पुढे क्रांतीपर्यंत त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या. फळं व्हिनेगरमध्ये मुरवण्याच्या कृती त्यात आहेत. जे ज्ञान दासींच्या हातांत होतं, ते अशा रीतीने शहरी मध्यमवर्गाच्या कपाटात आलं. इव्हान बुनिन या लेखकाने चेखॉव्हवर आक्षेप घेतला होता, की निव्वळ चेरीची अशी बाग रशियात कुठेच नसते. चेरी हा मोठ्या बागेचा एक कोपरा असतो. आक्षेप शेतीच्या अंगाने खरा असेल. पण चेखॉव्ह काही चेरीपासून दूर राहून लिहीत नव्हता. १८९२ मध्ये त्याने मेलिखोवो इथे जमीन घेतली आणि तिथे स्वतः चेरीची झाडं लावली.

लोपाखिनचं भाकीत मात्र खरं ठरलं. बाग तोडा, जमिनीचे तुकडे पाडा, शहरातली माणसं उन्हाळ्यात राहायला येतील, असं तो सांगत होता. आणि पुढेमागे ती माणसं आपापल्या तुकड्यावर काहीतरी पिकवूही लागतील, अशी त्याची आशा होती. सोव्हिएत काळात नेमकं हेच झालं. शहराबाहेरच्या छोट्या छोट्या जमिनींवर, दाचांवर, लाखो कुटुंबांनी बटाट्या-टोमॅटोबरोबर आंबट चेरीची दोन-चार झाडं लावली. दुकानांतल्या फळ्या रिकाम्या असत, त्यामुळे हिवाळ्यासाठी बरण्या भरणं ही चैन नव्हती, गरज होती. जमीनदाराच्या वाड्यात विसरलेली कृती अशी कामगारांच्या, शिक्षकांच्या घरांत परत रुजली.

आता हे लोणचं म्हणजे नक्की काय? आपल्या लोणच्याशी ते ताडून पाहिलं तर फसायला होईल. त्यात तेल नाही, मोहरी नाही, हिंग-मेथी नाही, तिखट नाही. फळ, व्हिनेगर, साखर, चिमूटभर मीठ आणि दोन-चार अख्खे मसाले, बस. रशिया, पोलंड, हंगेरीत लवंग, दालचिनी आणि ऑलस्पाइस घालतात. फ्रान्समध्ये देठ अर्धवट कापलेल्या चेरी वाइनच्या व्हिनेगरमध्ये मुरवून थंड मांसाबरोबर आणि पाते, तेरीन यांसारख्या मांसाच्या पदार्थांबरोबर ठेवतात. तिथे त्यांचं काम काकडीच्या लोणच्याचंच असतं. इराणमध्ये आंबट चेरीला आल्बालू म्हणतात. तिचा भात होतो, सरबत होतं, मीठ लावून सुकवलेली चेरी लहान मुलं चघळत असतात. तिथली लोणची मुख्यत्वे व्हिनेगरमधली आणि बिनसाखरेची, आंबट चेरीचंही तसंच. म्हणजे एकाच फळाचं पश्चिमेकडे आंबटगोड आणि पूर्वेकडे खारट-आंबट रूप झालं. या दोन्हींत इराणी रूप जास्त धीट आहे, हे मान्य करायला हवं.

आंबटगोड प्रकार घरी करायचा तर प्रमाण साधारण असं. १ किलो चेरी, ६०० मिलिलिटर व्हिनेगर, ३०० ग्रॅम साखर, १ चहाचा चमचा मीठ, दालचिनीचा बोटभर तुकडा, ५-६ लवंगा, १० मिरे. चेरी हातात घेऊन पाहिली की चांगली कोणती ते कळतं. देठ हिरवा, साल ताणलेली, दाबली तर किंचित परत उसळणारी. देठाजवळ तपकिरी कडा असलेली, भेगाळलेली किंवा ओलसर चिकट लागणारी बाजूला काढायची; तिचं सरबत करावं. देठ उपटायचा नाही, कात्रीने एक-दीड सेंटिमीटर ठेवून कापायचा. देठ हे बूच आहे. ते जागेवर असेपर्यंत आतला रस आत राहतो आणि व्हिनेगर सालीतून सावकाश, सारखं आत जातं. मग चेरी धुऊन फडक्यावर पसरून खडखडीत कोरड्या करायच्या. इथे आपल्या आजी-पणजींचा कैरीच्या फोडी पुसण्याचा काटेकोरपणा तंतोतंत उपयोगी पडतो.

व्हिनेगर, साखर, मीठ आणि मसाले स्टीलच्या किंवा इनॅमलच्या पातेल्यात उकळून पाच-सात मिनिटं मंद आचेवर ठेवायचे. ॲल्युमिनियम, तांबं, लोखंड नको. आम्ल धातूला लागतं, चव बिघडते आणि रंग काळपटतो. पातेलं उतरवून ते मिश्रण पूर्ण गार होऊ द्यायचं. घाई होते ती इथेच. उकळता पाक चेरीवर ओतला तर साल तडकते आणि गर शिजून लिबलिबीत होतो. उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत चेरी हलक्या हाताने भरायच्या, वरून गार व्हिनेगर ओतायचं. चेरी तरंगायला लागतात. वर आलेल्या चेरींना हवा लागते आणि बुरशी तिथूनच धरते, म्हणून छोटी काचेची बशी किंवा वजन ठेवून त्या बुडवलेल्या ठेवाव्या लागतात.

पुढचं काम रसायनशास्त्राचं. बरणीत दोन गोष्टी उलट दिशांनी चालतात. बाहेरचं आम्ल आणि साखर आत जातात, आतलं पाणी बाहेर येतं. साखर फार असेल, तर पाणी बाहेर येण्याचा वेग आम्ल आत जाण्याच्या वेगापेक्षा वाढतो आणि चेरी सुरकुतते. मोरावळ्यासाठी आवळे टोचतात, त्याच कारणासाठी काही घरांत चेरीला सुईने एक-दोन भोकं पाडतात. आत-बाहेरची वाट मोकळी होते. दुसरा जुना मार्ग जास्त सौम्य. आधी नुसतं व्हिनेगर ओतून एक दिवस ठेवायचं, दुसऱ्या दिवशी ते ओतून काढून साखर घालून उकळायचं, गार करून परत ओतायचं, आणि हेच आणखी एकदा करायचं. साखर टप्प्याटप्प्याने चढते, फळ गोल राहतं.

व्हिनेगरमध्ये पाणी मिसळावं का, हा प्रश्न प्रत्येक नवख्याला पडतो, कारण पहिल्या दिवशी ते नाकात झोंबतं. हिशेब करून पाहावा. ५ टक्क्यांच्या ६०० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये ३० ग्रॅम ॲसिटिक आम्ल असतं. १ किलो चेरीत साधारण ८०० मिलिलिटर पाणी असतं. काही आठवड्यांनी दोघांचं एकत्र होतं तेव्हा आम्लाचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास उतरलेलं असतं. म्हणजे पाणी मिसळण्याचं काम चेरी स्वतःच करते. आणखी घालण्याला वाव नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के आम्ल असावं असा नियम आहे आणि बऱ्याच बाटल्यांवर ४ टक्के लिहिलेलं असतं. असं व्हिनेगर वापरायचं तर त्याचं प्रमाण थोडं वाढवावं.

टिकण्याचं गमक ॲसिटिक आम्लाच्या एका खुबीत आहे. त्याचा रेणू अखंड असताना सूक्ष्मजीवाच्या पेशीचा पापुद्रा सहज ओलांडतो, आत गेल्यावर फुटतो आणि पेशीचं आतलं वातावरण आंबट करून तिचा कारभार बंद पाडतो. द्रावण मुळातच जितकं आंबट, तितके हे अखंड रेणू जास्त. इथे चेरीचं स्वतःचं मॅलिक आम्ल व्हिनेगरच्या मदतीला येतं. काकडी किंवा गाजर लोणच्यात घातलं की ते व्हिनेगरची धार कमी करतं. आंबट चेरी ती धार राखते. डबाबंद अन्नातला सगळ्यात भयंकर जीवाणू म्हणजे बोट्युलिझमचा. सामू ४.६ च्या खाली असला की तो वाढू शकत नाही. या बरणीतला सामू त्याच्या बराच खाली असतो. बुरशी आणि यीस्टला मात्र आंबटाचं फारसं भय नसतं, म्हणून चेरी बुडालेल्या हव्यात, चमचा कोरडा हवा, आणि वर पांढरी साय धरलेली किंवा फसफसणारी बरणी टाकून द्यायला हवी.

रंग हा या लोणच्याचा मोठा आनंद आहे. चेरीचा लाल रंग अँथोसायनिन या वर्गातल्या द्रव्यांचा. जांभूळ, कोकम यांच्या रंगाचीही हीच जात. आम्लात ही द्रव्यं टिकतात आणि लालच राहतात. ओतताना बिनरंगी असलेलं व्हिनेगर दोन-चार दिवसांत माणकासारखं लाल होतं, आणि तेवढ्या प्रमाणात चेरी फिकट होत जाते. मोरेलो गटाची चेरी असेल तर बरणीआडून बोटं दिसू नयेत इतका दाट रंग चढतो. उजेड आणि उष्णता हे या रंगाचे वैरी. खिडकीत शोभेला ठेवलेली बरणी तपकिरी पडते. तिची जागा अंधाऱ्या, थंड कोपऱ्यात, आपल्याकडच्या हवेत तर सरळ फ्रिजमध्ये.

बी काढावी की ठेवावी? ठेवावी. बी काढलेली चेरी चपटी होते आणि रस गमावते. शिवाय बियांमुळे व्हिनेगरला बदामासारखा एक पुसट सुवास येतो. तो येतो बेंझाल्डिहाइडमुळे, आणि त्याचं मूळ बियांतल्या ॲमिग्डालिन या द्रव्यात असतं. मात्र हेच ॲमिग्डालिन बी फोडली किंवा चावली की हायड्रोजन सायनाइडही सोडतं. अख्ख्या बियांनी काही होत नाही, पण बिया कुटून घालण्याचा किंवा लोणचं बियांसकट मिक्सरमधून काढण्याचा मोह कुणी करू नये. ताटात वाढताना आत बी आहे हे सांगायलाच हवं; दातासाठीही आणि लहान मुलांसाठीही.

मुरवलेली चेरी टणक कशी ठेवायची, या प्रश्नाची कथा आपल्या दारापर्यंत येते. क्रोएशियाच्या किनाऱ्यावर झादर नावाचं शहर आहे. तिथल्या मारास्का या लहान, काळपट आंबट चेरीपासून माराशिनो हे मद्य बनतं आणि ही चेरी त्यात मुरवूनही ठेवत. जिरोलामो लुक्सार्दोने १८२१ मध्ये झादरला याचा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धात तो बाँबहल्ल्यांत गेला आणि कुटुंबातल्या जॉर्जो लुक्सार्दोने १९४७ मध्ये इटलीत पादुआजवळ तोरेल्या इथे पुन्हा उभा केला. अमेरिकनांना ही चेरी फार आवडली. पण तिथली चेरी खारवली की मऊ पडायची. ऑरेगनच्या कृषी महाविद्यालयातल्या अर्नेस्ट विगंड यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर इलाज काढला: खाऱ्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार. कॅल्शियम फळातल्या पेक्टिनचे धागे एकमेकांना बांधून ठेवतं आणि गर कडक राहतो. तिथे गोड चेरी ब्लीच करून, लाल रंगवून, साखरेच्या पाकात घालून माराशिनो म्हणून विकली जाऊ लागली. आंबट चेरीचं नाव गोड चेरीला मिळालं. रशियन घरांतला उपाय याहून साधा आणि जुना: लोणच्यात चेरीची, काळ्या करंटची किंवा ओकची पानं घालायची, पानांतलं टॅनिन फळ-भाजी टणक ठेवायला मदत करतं.

भारतात हे नाव आणखी एक पायरी खाली उतरलं. बेकरीतल्या केकवरची ‘चेरी’ पुष्कळदा चेरी नसतेच. ते आपलं करवंद असतं. कच्चं करवंद टणक, आंबट आणि पेक्टिनने भरलेलं. ते खारवून, बी काढून, लाल रंग देऊन पाकात मुरवलं की हुबेहूब माराशिनो चेरी दिसते. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट केकचा आत्मा म्हणजे आंबट चेरी आणि किर्श नावाचं चेरीचं मद्य. पुण्या-मुंबईच्या ब्लॅक फॉरेस्टवर त्या चेरीच्या जागी सह्याद्रीतलं झुडुपी फळ बसलेलं असतं. यात फसवणूक वाटण्यासारखं काही असेल तर ते लेबलापुरतं. फळ म्हणून करवंदाची निवड अचूक आहे. कच्च्या करवंदाचं लोणचं घाटावर आणि कोकणात पिढ्यान्‌पिढ्या होत आलं आहे, आणि वर दिलेल्या व्हिनेगरच्या कृतीत ते चेरीइतकंच छान बसतं. फक्त चीक धुऊन काढायला करवंदं मिठाच्या पाण्यात काही तास ठेवावी लागतात.

लोणचं तयार झालं हे कळतं व्हिनेगरच्या वासावरून. पहिल्या आठवड्यात ते नाकात घुसतं, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत लवंग, दालचिनी आणि बियांचा तो बदामी सुवास पुढे येतात. युरोपात ही चेरी बदक, हंस, डुक्कर, शिकारीचं मांस अशा चरबीदार पदार्थांबरोबर वाढतात, कारण आंबट घास जिभेवरचा तेलकटपणा कापतो. शाकाहारी ताटात ती चीजबरोबर, बिटाच्या कोशिंबिरीत, साध्या पुलावाच्या कडेला चांगली लागते. चेरी संपली तरी खार टाकायचा नसतो. त्यातले चमचा-दोन चमचे गार सोड्यात घातले की उन्हाळ्याचं उत्तम पेय होतं. व्हिनेगरमधल्या फळांच्या अशा पेयाला अमेरिकेत श्रब म्हणतात. कांद्यावर, काकडीवरही तो शिंपडता येतो.

मिशिगनमध्ये किंवा जर्मनीत राहणाऱ्या मराठी घरांना जुलैत ताजी आंबट चेरी शेतावर जाऊन स्वतः तोडून आणता येते, आणि लोणच्यासाठी तोच मार्ग बरा, कारण यंत्राने पाडलेल्या चेरीला देठ नसतात. जर्मन दुकानांत बारा महिने मिळणारी बाटलीतली शाटनमोरेलन चेरी आधीच शिजलेली असते. तिचा केक होतो, लोणचं नाही. महाराष्ट्रात राहून करायचं, तर जूनमधली काश्मिरी चेरी घ्यावी, पण कृती बदलावी लागते. तिच्यात आम्ल कमी, म्हणून साखर ३०० ग्रॅमवरून १०० ग्रॅमवर आणावी, व्हिनेगरच्या बाबतीत हात आखडू नये आणि एका लिंबाचा रस घालावा. गर घट्ट असल्यामुळे ती मुरायलाही जास्त वेळ घेते. पाचव्या आठवड्याआधी बरणी उघडून उपयोग नाही.